वाघ नाही, मोने दिसला!

चंद्रपूरला चाललेय म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : "ताडोबा?" परत आल्यावरही एकच : "दिसला का?"

नाही दिसला. दोन सफाऱ्या केल्या, जिप्सीत बसून हाडं खिळखिळी करून घेतली, पगमार्क पाहिले, चितळांचे कॉल ऐकले, समोरच्या जिप्सीतल्या काकांकडून 'आत्ता पाच मिनिटांपूर्वी इथेच होता' हेही ऐकलं. वाघोबा काही भेटले नाहीत. पण शनिवार ते मंगळवार या चार दिवसांत दुसरंच कोणीतरी सतत भेटत राहिलं. दाढीवाला, जाडजूड, तापट, पॅरिसमध्ये जन्मलेला. क्लॉद मोने!

थांबा, पान उलटू नका. मला मान्य आहे, की 1840 साली जन्मलेला आणि 1926 साली गेलेला हा फ्रेंच चित्रकार चंद्रपूर-गडचिरोलीच काय, भारतातही कधी आला नाही. आपल्या पिढीला तो भेटतो तो कॉफी मगवर, कॅलेंडरवर, नाहीतर डेस्कटॉपच्या वॉलपेपरवर. माझ्याही स्क्रीनवर गेली दोन वर्षं त्याची कमळं आहेत. एक्सेलच्या शीट मिनिमाइझ केल्या की डोळ्यांना गारवा! पण हा माणूस कोण, त्याने आयुष्यभर तळी आणि गवताचे ढीगच का रंगवले, हे कधी कळलं नव्हतं. म्हणून प्रवासात वाचायला त्याचं चरित्र घेतलं. गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत अर्धं संपलं आणि उरलेलं चार दिवस डोळ्यांसमोर घडत गेलं.

सात मिनिटांचं पान

पहिली भेट ताडोबाच्या तळ्यावर झाली. सकाळची सफारी, डिसेंबरची थंडी, पाण्यावरून वाफ उठत होती. पलीकडचा काठ होता की नव्हता, कळत नव्हतं. मध्येच एक ओंडका हलला तेव्हा कळलं, की ती मगर आहे. आमच्या जिप्सीतल्या पाचही जणांच्या माना झाडीकडे वळलेल्या. न जाणो, पाण्यावर आला तर!

मी पाण्याकडे पाहत होते. पाच मिनिटांपूर्वी करडं होतं, आता जांभळट, आणि सूर्य झाडांच्या वर आला तसं एका बाजूने सोनेरी. तळं तेच. पण दर पाच मिनिटांनी दुसरं.

मोनेचं सगळं आयुष्य या 'दर पाच मिनिटां'त गेलं. बालपण ल हाव्र या बंदरात. शाळेच्या वह्यांत मास्तरांची व्यंगचित्रं काढायची आणि गावातल्या लोकांची व्यंगचित्रं विकून पैसे कमवायचे, हा उद्योग. तिथे त्याला यूजेन बूदाँ नावाचा चित्रकार भेटला. त्याने या पोराला स्टुडिओतून बाहेर काढलं, समुद्रावर नेलं आणि उघड्यावर बसून समोरचं आभाळ रंगवायला शिकवलं. तेव्हा बड्या चित्रकारांची चित्रं घरात, महिनोन् महिने खपून पूर्ण व्हायची. ट्यूबमधले रंग आल्यामुळे पेटी उचलून शेतात जाणं सोपं झालं होतं, आणि मोने जो शेतात गेला तो परत आलाच नाही म्हणा ना!

त्याच्या शेजारी राहिलेल्या लिला कॅबट पेरी या अमेरिकन चित्रकर्तीने एक आठवण लिहून ठेवली आहे. पॉप्लर झाडांच्या एका चित्रावर मोने एका वेळी सातच मिनिटं काम करायचा. एका ठरावीक पानावरचं ऊन सरकलं, की ते चित्र बाजूला आणि पुढचं कॅनव्हास हातात. सात मिनिटं! आपल्याला एवढ्या वेळात एक ईमेलही धड लिहून होत नाही.

चिमण्यांमागचा सूर्य

रविवारी उजाडताना मोहर्लीहून चंद्रपूरला निघालो. जंगल संपता संपता कोळशाच्या खाणी लागतात, पद्मापूर, दुर्गापूर, आणि मग औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. 2,920 मेगावॅट. आपल्या ऑफिसातला एसी, लिफ्ट आणि रात्री उगाच चालू राहिलेला मॉनिटर यांचं माहेर अशाच एखाद्या ठिकाणी असतं.

ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. मी मागे वळून पाहिलं आणि बघतच राहिले. राखाडी-निळसर पडदा, त्यात चिमण्यांच्या पुसट रेघा आणि मधोमध लालभडक, किरण नसलेला, नाण्यासारखा सूर्य. हे चित्र मी पाहिलं होतं! अगदी हेच.

'इम्प्रेशन, सनराइज'. 1872 साली ल हाव्र बंदरात रंगवलेलं. 1874च्या एप्रिलमध्ये सरकारी प्रदर्शनाला कंटाळलेल्या चित्रकारांनी पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. लुई लरॉय नावाच्या टीकाकाराने या चित्राच्या नावावरून खिल्ली उडवली, हे तर नुसते 'इम्प्रेशनिस्ट'! चेष्टेतलं ते नाव कायमचं चिकटलं. आपण ते चित्र पाहताना पाण्यातली केशरी रेघ बघतो आणि 'वॉव' म्हणतो. मागे नीट पाहिलं तर क्रेन आहेत, जहाजांच्या डोलकाठ्या आहेत आणि धूर ओकणाऱ्या चिमण्याही आहेत.

पुढे मोने लंडनला गेला. 1899 ते 1901 या काळात तीनदा. सॅव्हॉय हॉटेलात खोली, खिडकीखाली थेम्स नदी, आणि एकावेळी डझनावारी कॅनव्हास. त्याला लंडनमध्ये सगळ्यात आवडलं ते तिथलं धुकं, म्हणजे खरं तर कोळशाचा धूर. एका सकाळी उठला तर धुकं गायब! बायकोला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मी हादरलोच, सगळी चित्रं गेली असं वाटलं. मग हळूहळू चुली आणि भट्ट्या पेटल्या, धूर परतला आणि त्याच्या जिवात जीव आला.

2023 साली दोन हवामान-अभ्यासकांनी टर्नर आणि मोने यांची सुमारे शंभर चित्रं तपासली. चित्रांतला धूसरपणा आणि त्या वर्षांतलं हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रदूषण यांचा आलेख बऱ्याच अंशी जुळतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण ज्याला 'स्वप्नाळू' म्हणतो, ती निदान थोडीफार तरी खरीखुरी घाण हवा होती.

चहावाल्याला मी म्हटलं, "काय सुंदर दिसतंय!" त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिकडे पाहिलं. टेबलावरून फडकं फिरवलं आणि ते मला दाखवलं. काळं. "हे बी दिवसातून चार डाव," एवढंच म्हणाला.

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथं होतं. तो सूर्य तरीही सुंदरच होता, हे मी नाकारणार नाही. पण चहाचा दुसरा घोट घेताना मी कपावर नकळत हात धरला.

कमळं आणि इकॉर्निया

चंद्रपूर शहर हे खरं तर गोंडराजांचं. परकोटाच्या भिंती, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आणि भिंतीच्या कुशीत रामाळा तलाव. ताडोबाला धावणारे आपण लोक शहरात जेवायलासुद्धा थांबत नाही. थांबा.

तलावाच्या काठावर बसून मी पुस्तकातलं जिव्हर्नीचं प्रकरण वाचलं. 1883 साली मोने दोन कुटुंबांचा मोठा खटला घेऊन या खेड्यात भाड्याच्या घरात आला. तोवर त्याने कर्ज, उधारी, मित्रांना पैशांसाठी पत्रं, सगळं भोगलं होतं. पन्नाशीला, 1890 साली, घर विकत घेतलं. 1893 साली शेजारची जमीन घेऊन तिथे तळं करायचं ठरवलं. आणि गावाने विरोध केला! जवळच्या ओढ्याचं पाणी वळवून तळ्यात घ्यायचं होतं. तुझी ती परदेशी झाडं आमचं पाणी विषारी करतील, असं गावकऱ्यांचं म्हणणं. याच पाण्यावर त्यांची गुरं, त्यांचं धुणं. मोने भडकला, पण शेवटी त्याला परवानगी मिळाली.

मग त्या तळ्याने त्याला आयुष्यभर सोडलं नाही. कमळांची सुमारे अडीचशे चित्रं. रस्त्यावरच्या मोटारींची धूळ पानांवर बसते म्हणून होडीतून फिरून पानं धुणारा माळी आणि अखेर पदरच्या पैशांनी रस्त्यावर डांबर. मोतीबिंदूने रंग दिसेनासे झाले, तरी तो थांबला नाही. 1923 साली एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पुन्हा ब्रश हातात. पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आपली चित्रं देशाला द्यायचं कळवलं. त्यातूनच पॅरिसच्या ऑरांजरीमधली ती भिंतभर, गोल खोल्यांतली कमळं उभी राहिली. 1927 साली ती लोकांसाठी खुली झाली. मोने काही महिने आधीच गेला होता.

वाचताना मी अर्थातच मोनेच्या बाजूने होते. एवढा मोठा चित्रकार आणि आडमुठे गावकरी! मग रामाळ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं या तलावाचा गळा धरला तो इकॉर्नियाने, म्हणजे जलपर्णीने. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सुंदर जांभळ्या फुलांसाठी, बागेतल्या तळ्यात शोभेला म्हणून आपल्याकडे आली. त्यात शहराचं सांडपाणी मिळालं की तिला बहरच. पाणी झाकलं जातं, खालचा प्राणवायू संपतो, मासे जातात. 2021 साली 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोतरे या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रहाला बसले, तेव्हा कुठे गाळ उपसायचं काम हलायला लागलं.

जिव्हर्नीच्या शेतकऱ्यांची भीती तिथे खरी ठरली नाही. पण ती खुळचट नव्हती. परदेशी फूल पाणी मारू शकतं, हे चंद्रपूरच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा!

आपल्या मराठी मुलखातही एका तळ्याचा असा एक वेडा होऊन गेला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, नाव कमावलं आणि कोल्हापूरला परतून कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच पाणी, तेच काठ रंगवत. 1922 साली शाहू महाराज गेले, त्या दुःखात त्यांनी आपली चित्रं त्याच तलावात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. मोनेनेही 1908 साली, प्रदर्शन तोंडावर असताना, आपली पंधराएक चित्रं स्वतः नष्ट केली होती. ऑरांजरी आपल्याला ठाऊक असते, कोटितीर्थ नसतं. पुढच्या वेळी कोल्हापूरला गेलात तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर तिकडे एक चक्कर माराच.

पुंजणं

रविवारी दुपारी मूल तालुक्यातल्या मैत्रिणीच्या गावी पोहोचलो. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसते ती. ऑफिसात कडक इंग्रजी झाडणारी ही बया गावाच्या वेशीत शिरली आणि "मा, भूक लागली!" अशी आरोळी ठोकून माझ्या ओळखीबाहेर गेली.

हा झाडीपट्टीचा धानाचा प्रदेश. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, त्याखाली उतरत जाणाऱ्या बांध्या. कापलेल्या धानाच्या कडपा वाळल्या, की भारे बांधून त्यांचा मोठा गोल ढीग रचतात. माथा निमुळता, झोपडीसारखा. याला पुंजणं म्हणतात. चुरणीची मशीन येईपर्यंत सगळं पीक त्यातच. सोमवारी सकाळी घराबाहेर आले आणि समोर मोनेच उभा!

त्याची सगळ्यात गाजलेली मालिका अशीच आहे. आपण तिला 'हेस्टॅक्स' म्हणतो, पण ते गवत नव्हतं, मळणीची वाट पाहणारा कापलेला गहू होता. म्हणजे पुंजणंच! घरामागच्या शेतात, शेजाऱ्याच्या मालकीची. मोनेला आधी वाटलं, दोन कॅनव्हास पुरतील, एक उन्हाचं, एक ढगाळ दिवसाचं. पण ऊन सरकायला लागलं. मग सावत्र मुलीला हाक, दुसरं कॅनव्हास आण. मग तिसरं. 1890-91च्या त्या हंगामात पंचविसेक चित्रं झाली. दवातलं, बर्फातलं, दुपारचं, मावळतीचं. 1891च्या मे महिन्यात त्यातली पंधरा पॅरिसमध्ये मांडली आणि काही दिवसांत सगळी विकली गेली. कर्जाचे दिवस कायमचे संपले. 1896 साली मॉस्कोत त्यातलं एक चित्र पाहून कांडिन्स्की चक्रावला. हे काय आहे तेच त्याला कळेना, कॅटलॉगमध्ये वाचावं लागलं. पण चित्र डोक्यातून जाईना. पुढे तो अमूर्त चित्रकलेचा एक जनक ठरला. 2019 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातलंच एक चित्र 11 कोटी डॉलरच्या वर गेलं.

मग काय, मीही मोबाइल काढला. सकाळी सात : दवाने काळपट, कडेला निळी सावली. नऊ : पिवळं. बारा : सावली गायब, ढीग एकदम सपाट. चार : मध. साडेपाच : एका बाजूने गुलाबी, दुसरी जांभळी. एकूण अकरा फोटो. एकही फिल्टर नाही, आईशप्पथ!

मैत्रिणीचे बाबा दिवसभर माझी ही ये-जा पाहत होते. शेवटी राहवलं नाही.

"सकाळी बी हेच पुंजणं, आता बी हेच. का पाहून रायली पोरी?"

"काका, दर वेळी वेगळं दिसतं."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"दिसतेच ना. म्या बी पायतो. सकाळी दव किती धरलं ते पायतो. दुपारी हात घालून पायतो, आतून गरम तर नाही. सांजेले आभाळ पायतो. पाणी आलं तर गेलं न सारं. अन रात्री आगीचा भेव."

आग कशी लागते, हे मला मैत्रिणीने जेवताना सांगितलं. कधी विडीची ठिणगी, कधी शॉर्टसर्किट, कधी कुणाचं वैर. सकाळी पेपरात चार ओळी : धानाचं पुंजणं जळून खाक. एका रात्रीत वर्षाचा पगार, तोही कापणीच्या मजुरीचे पैसे देऊन झाल्यावर! म्हणून मशीन येईपर्यंत काका पुंजण्याशेजारी खाट टाकून झोपतात. गडचिरोलीकडे तर आता वेगळाच पाहुणा. 2021 साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप आला, आणि धान त्यांनाही आवडतं.

रात्री अकरा फोटो पुन्हा चाळले. एकाही फोटोत काका नव्हते. मग मोनेची ती पंचवीस चित्रं आठवून पाहिली. त्या मालिकेतही माणूस नाही.

चरित्रातलं एक पान मला प्रवासात नीट वाचवलं नव्हतं, ते त्या रात्री वाचलं. 1879 साल. मोनेची बायको कामिय, वय 32, दीर्घ आजारानंतर गेली. तो उशाशी बसलेला. आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण तिच्या चेहऱ्यावर मृत्यू जे रंग पसरवतोय ते टिपतोय. निळा, पिवळा, करडा. त्याने ते चित्र काढलंही. म्हातारपणी क्लेमांसो या आपल्या मित्राजवळ त्याने हे कबूल केलं. डोळ्यांना लागलेल्या या सवयीची त्याला स्वतःलाच भीती वाटली होती.

म्हणजे त्यालाही माहीत होतं. नुसतं पाहत राहिलं, की समोरचं माणूस निसटू शकतं.

झाडं कोणाची?

मंगळवारी गडचिरोली. 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. आपल्याला तो फक्त बातम्यांतून माहीत असतो आणि त्या बातम्या कसल्या असतात ते सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह आणि बांबूच बांबू. शहर ओलांडून धानोऱ्याच्या रस्त्याने आम्ही मेंढा या गावी गेलो. लेखा हे शेजारचं गाव, म्हणून मेंढा-लेखा.

मोनेच्या पॉप्लर झाडांची गोष्ट मला इथे संपूर्ण कळली. 1891 साली नदीकाठच्या पॉप्लरच्या रांगा तो रंगवत होता, होडीत बसून. अर्धी चित्रं झाली आणि कळलं, की झाडं लिलावात निघाली आहेत. गावाला पैसे हवे होते. मोनेने थांबा म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग त्याने एका लाकूड-व्यापाऱ्याशी सौदा केला. झाडं तू घे, वरचे पैसे मी देतो, पण माझी चित्रं होईपर्यंत तोडू नकोस. चित्रं झाली. झाडं पडली.

चित्रकाराने पैसे मोजून मुदत विकत घेतली, एवढंच. मेंढ्याच्या गोंड आदिवासींनी मुदत नाही, हक्क मागितला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाची घोषणा अनेकांनी ऐकली असेल : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. तो मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांतलं हे एक. तरी कापलेला बांबू बाहेर न्यायला पास लागतोच आणि तो कोणी द्यायचा, यावर घोडं अडलं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कुठला बांबू कापायचा, कुठला ठेवायचा, हे आता ग्रामसभा बसून ठरवते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचंही मन वळत नसेल तर पुन्हा बसायचं.

आपल्याला मीटिंगमध्ये अर्ध्या तासात लंचचा मेन्यू ठरवता येत नाही!

बांबूच्या बेटात दुपारचं ऊन उभ्या पट्ट्यांनी पडलं होतं. हुबेहूब पॉप्लरची मालिका. यावेळी मी फोटोआधी सोबतच्या गावकरी दादांना विचारलं, की या बेटातलं काय कापणार. त्यांनी हाताने दाखवलं, हे जुने, हे कोवळे, हे ठेवायचे. मला आधी नुसत्या हिरव्या रेघा दिसल्या होत्या. त्यांनी सांगितल्यावर प्रत्येक रेघेचं वय दिसायला लागलं. आणि खरं सांगू? हिरव्याच्या छटाही जास्त दिसल्या.

बारावा फोटो

संध्याकाळी गावी परतलो तेव्हा पुंजणं नव्हतं! त्या जागी तणसाचा भुसभुशीत ढीग, हवेत कोंडा, आणि शेजारी पोत्यांची थप्पी. सकाळीच मशीन आलं होतं. काका पोती मोजत होते. चेहरा धुळीने माखलेला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ते मोकळेपणी हसत होते.

"झालं वो पोरी! आज घरात झोपतो."

मी मोबाइल काढला. उजेड जवळजवळ गेलेला, फ्लॅश मारावा लागला. काका पोत्यावर हात ठेवून ताठ उभे राहिले, डोळे मात्र मिटले. फोटो म्हणून अगदी टुकार. रंग नाहीत, छाया नाहीत, मोने असता तर पाठ फिरवून गेला असता.

वॉलपेपरवरची कमळं मी काढलेली नाहीत. आवडतात मला. पण शेजारच्या क्युबिकलमध्ये आता त्या बाराव्या फोटोची प्रिंट लावलेली आहे, आणि कोणी 'वाघ दिसला का' म्हणून विचारायला आलं, की मैत्रीण त्याला आधी हा फोटो दाखवते.

जायचं कसं? पाहायचं काय?

नागपूरहून चंद्रपूर सुमारे 150 किलोमीटर. रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. चंद्रपूर ते गडचिरोली, मूलमार्गे, साधारण 80 किलोमीटर.

ताडोबा : सफारीचं बुकिंग आधी करा. मंगळवारी उद्यान बंद असतं आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. वाघ नाही दिसला तरी तळ्यापाशी जरा वेळ काढा.

चंद्रपूर शहर : परकोट, गोंडराजांच्या समाध्या, महाकाली मंदिर, रामाळा तलाव. निदान अर्धा दिवस हवा.

मार्कंडा : वैनगंगेच्या काठी, चामोर्शी तालुक्यात. मंदिरांच्या दगडी कोरीव कामावरचं ऊन बघायचं असेल तर सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही वेळा जा.

मेंढा-लेखा : हे पर्यटनस्थळ नाही, लोकांचं गाव आहे. ग्रामसभेला आधी कळवून, विचारूनच जा.

पुंजणी : नोव्हेंबर-डिसेंबर. रस्त्यावरून कुठेही दिसतील. फोटो जरूर काढा, पण जवळ सिगारेट पेटवू नका. आणि मालक आसपास असेल तर आधी रामराम घाला.